फॅक्स चौथ्या पानाला का तुटतो?

प्रश्न सांगलीहून आला आहे. थोडक्यात असा: हळद निर्यात करणारं छोटं ऑफिस आहे आणि जपानमधला एजंट अजून कागदपत्रं फॅक्सनेच मागतो. संगणकाला लावलेल्या यूएसबी मोडेमवरून इतकी वर्षं सगळं सुरळीत जात होतं. मग तांब्याच्या तारेचा फोन जाऊन त्याच नंबरावर फायबरचा फोन आला. तेव्हापासून दोन पानांचा फॅक्स जातो, पण आठ-दहा पानांचा चौथ्या-पाचव्या पानाला तुटतो. मोडेम बदलून झाला, सॉफ्टवेअर बदलून झालं. तीच फाइल ईमेलने मात्र क्षणात जाते. मग फॅक्सलाच काय होतं?

मी पंचवीसहून जास्त वर्षं फॅक्स सर्व्हर बसवते आणि दुरुस्त करते. या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी एक समजूत बदलावी लागते. ईमेलने फाइल जाते. तिचा एखादा तुकडा वाटेत उशिरा आला तरी चालतं, हरवला तर पुन्हा मागवला जातो, आणि दोन सेकंद जास्त लागले हे कोणाच्या लक्षातही येत नाही. फॅक्समध्ये दोन यंत्रं फोनवर एकमेकांशी प्रत्यक्ष बोलत असतात. कोणी कधी बोलायचं, किती वेळ थांबायचं, उत्तर आलं नाही तर किती वेळा विचारायचं, हे सगळं सेकंदांत आणि मिलिसेकंदांत ठरलेलं असतं. पान आवाजाच्या रूपात जातं आणि आवाज एकदा हुकला की हुकला. मी पाहिलेल्या बिघाडांपैकी बहुतेक या वेळापत्रकातले होते, चित्रातले फार थोडे.

ही बोलणी टी.३० या आंतरराष्ट्रीय नियमाने चालतात. पानाचं चित्र कसं बांधायचं ते टी.४ मध्ये आहे. दोन्ही १९८० चे, ‘ग्रुप ३’ नावाने ओळखले जाणारे. त्याआधीच्या ग्रुप १ ला एका पानाला सहा मिनिटं लागायची, ग्रुप २ ला तीन, आणि ग्रुप ३ ने ते मिनिटाच्या आत आणलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर ‘फॅक्स’ हा शब्द रंगवला जाऊ लागला तो याच ग्रुप ३ मुळे. तुमचा आजचा यूएसबी मोडेमही तीच भाषा बोलतो.

आता कॉल लागल्यापासून काय होतं ते ऐका. खरंच ऐका. मोडेमचा स्पीकर सेटिंगमधून पूर्ण कॉलभर चालू ठेवा, कारण कानाने जितकं कळतं तितकं कोणत्याही स्क्रीनवर दिसत नाही.

तुमचा मोडेम नंबर फिरवतो आणि दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद एक बारीक ‘पीप’ देतो. हा ११०० हर्ट्झचा सूर म्हणजे ‘मी माणूस नाही, फॅक्स आहे’ ही वर्दी. पलीकडचं यंत्र फोन उचलतं आणि २१०० हर्ट्झची तीनेक सेकंदांची सरळ शिट्टी देतं. पूर्वी आपण फोनवर ‘जरा फॅक्स टोन द्या’ म्हणायचो, समोरचा स्टार्टचं बटण दाबायचा आणि कानात जी शिट्टी बसायची, ती हीच. त्यानंतर गुरगुर सुरू होते: १६५० आणि १८५० हर्ट्झ या दोन सुरांची झपाट्याने अदलाबदल, एक सूर १ साठी, दुसरा ० साठी. वेग सेकंदाला फक्त ३०० बिट. हा मुद्दाम कमी ठेवलेला आहे, कारण खराब लाइनवरही निदान बोलणी तरी नीट झाली पाहिजेत.

इथे एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. फोन आपण केलेला असतो, पण आधी बोलतो तो ज्याला फोन लागला तो. तो आपली कुवत सांगतो: कोणकोणत्या वेगाने ऐकू शकतो, बारीक रेघांचं पान घेतो का, चुका दुरुस्त करायची सोय आहे का, कागद किती रुंद आहे. सोबत आपला नंबरही कळवतो. उत्तर येईपर्यंत दर तीन सेकंदांनी हेच पुन्हा सांगतो आणि साधारण पस्तीस सेकंदांत काहीच आलं नाही तर फोन ठेवून देतो. पाठवणारा त्या यादीतून निवड करून ‘मग असं करू या’ म्हणून कळवतो, आणि लगेच ठरलेल्या वेगाने दीड सेकंद नुसती शून्यं पाठवतो. ही चाचणी. समोर शून्यं शून्यंच पोचली तर ‘चालेल’ असं उत्तर येतं. नाही पोचली तर ‘जमलं नाही’, आणि पाठवणारा सहसा पायरी उतरतो: १४४००, १२०००, ९६००, ७२००, ४८००, २४००.

चाचणी पास झाली की मगच पानाचा तो ‘शूऽऽ’ असा सलग आवाज. पान संपलं की दोघं पुन्हा ३०० च्या गुरगुरीवर येतात. पाठवणारा विचारतो, ‘पान संपलं, अजून आहे,’ किंवा ‘हे शेवटचं.’ पलीकडून ‘मिळालं’ असं उत्तर यायला हवं. सहसा तीन वेळा विचारूनही उत्तर आलं नाही तर फोन खाली. म्हणजे दहा पानांच्या फॅक्समध्ये वेगवान आणि संथ भाषेतली ही अदलाबदल निदान दहा वेळा होते आणि प्रत्येक बदल हा तुटण्याचा एक सांधा असतो. तुमच्या रिपोर्टवर ‘ओके’ छापून येतं ते याच ‘मिळालं’च्या भरवशावर. त्याचा अर्थ पलीकडच्या यंत्राने पान घेतलं इतकाच. ते छापलं गेलं का, कोणाच्या हाती पडलं का, हे त्यात नसतं. शिपमेंटची तारीख त्या पानावर अवलंबून असेल तर फोन करून विचारा.

आता पानाकडे येऊ. ए४ पान डावीकडून उजवीकडे १७२८ ठिपक्यांत मोडतात आणि वरून खाली, साध्या प्रतीत, मिलिमीटरला ३.८५ रेघा. गुणाकार केला तर एका पानाचे जवळजवळ वीस लाख ठिपके होतात. प्रत्येकाला एक बिट आणि वेग ९६०० धरला तर साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतील. ते मिनिटाच्या आत बसतं, कारण ठिपके एकेक करून पाठवत नाहीत, मोजून पाठवतात: इतके पांढरे, मग इतके काळे, मग इतके पांढरे. नेहमी लागणाऱ्या मोजमापांना छोटी खूण, क्वचित लागणाऱ्यांना लांब. सलग दोन किंवा तीन काळे ठिपके, म्हणजे अक्षराच्या उभ्या दांड्याची साधारण जाडी, यांना फक्त दोन बिट. आणि संपूर्ण कोरी रेघ, जिला एरवी १७२८ बिट लागले असते, ती १७ बिटांत आटोपते, वर ‘रेघ संपली’ सांगणारे १२. पत्राच्या पानात कोरी जागा किती असते ते आठवा, म्हणजे बचत ध्यानात येईल.

म्हणूनच राखाडी पार्श्वभूमीचं इन्व्हॉइस, रंगीत लोगो किंवा मोबाइलवर काढलेला कागदाचा फोटो फॅक्सने पाठवू नका. फॅक्सला राखाडी रंग ठाऊक नाही. संगणक त्या जागी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं रवाळ जाळं भरतो, एकाच रंगाच्या सलग ठिपक्यांच्या ओळी उरत नाहीत, आणि मिनिटाचं पान पाच मिनिटांवर जातं. कॉल लांबला की तुटायची शक्यताही वाढते. तुमच्या बाबतीत तर हेच पहिलं पाहीन. निर्यातीच्या फॉर्मवर फिकट छटांचे रकाने फार असतात. ते काढून शुद्ध काळं-पांढरं पान बनवा.

मराठीत पाठवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. साध्या प्रतीत दोन रेघांमधलं अंतर साधारण पाव मिलिमीटर पडतं. बारीक टायपातला अनुस्वार जेमतेम एक-दोन रेघांत मावतो, आणि नेमका दोन रेघांच्या मध्ये आला तर गायबच होतो. रफाराचं आणि बारीक मात्रेचंही तेच. इंग्रजी मजकूर साध्या प्रतीत चालून जातो, देवनागरी नाही. ‘फाइन’ प्रत निवडा, रेघा दुप्पट होतात. नाहीतर टाइप मोठा करा. सातबारा आणि करारनामे साध्या प्रतीत पाठवलेले पाहून माझा जीव नेहमी वरखाली होतो.

आता संगणकाचं काम. तुम्ही ‘प्रिंट’ म्हणून ‘फॅक्स’ नावाचा प्रिंटर निवडता तेव्हा तो पानाचं असं १७२८ ठिपके रुंद काळं-पांढरं चित्र बनवतो, टी.४ च्या पद्धतीने आवळतो आणि टिफ या प्रकारच्या चित्र-फाइलमध्ये ठेवतो. लिनक्सवर हेच काम घोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्राम करतो. हायलाफॅक्ससारखा सर्व्हर पुढची रांग, पुन्हा प्रयत्न आणि नोंदी सांभाळतो. तो सॅम लेफ्लर यांनी लिहायला घेतला आणि मी आजही तोच बसवते, कारण त्याच्या कॉलच्या नोंदीत वर सांगितलेलं संभाषण वेळेसकट ओळीओळीने वाचता येतं. येणाऱ्या फॅक्सचा प्रवास याच्या उलट: मोडेम आवाजातून बिट काढतो, संगणक त्यांची टिफ करतो आणि ती पीडीएफ होऊन कोणाच्या तरी मेलबॉक्समध्ये पडते.

मोडेम आणि संगणक यांच्यात कामाची वाटणी दोन प्रकारे होते आणि हे कळलं की निम्मं कोडं सुटतं. ‘क्लास १’ मोडेम फक्त आवाज काढतो आणि ऐकतो. कुवत सांगणं, चाचणी, वेग उतरवणं, सगळी टी.३० ची बोलणी संगणकावरचं सॉफ्टवेअर करतं, आणि ‘आता ३०० ने बोल’, ‘आता १४४०० ने ऐक’ अशा आज्ञा वेळेवर देतं. ‘क्लास २’ आणि ‘२.०’ मध्ये बोलणी मोडेम स्वतः करतो, संगणक पानं पुरवतो. (ही दोन नावं का? अंतिम प्रमाण ठरण्याआधीच मसुद्यावरून बनवलेले मोडेम बाजारात आले. प्रमाण ठरलं तेव्हा ते वेगळं निघालं. जुने ते २, प्रमाणाप्रमाणे ते २.०.) तुमचा मोडेम काय जाणतो ते ‘एटी+एफक्लास=?’ या आज्ञेने तोच सांगेल.

क्लास १ मध्ये संगणकाला वेळ पाळावी लागते. एका ऑफिसात माझ्याकडे तक्रार होती की फॅक्स सकाळी जातात, दुपारी एक ते दोन या वेळात जात नाहीत. फोन खात्याची माणसं दोनदा लाइन तपासून गेली होती. नोंदी वाचल्या तर प्रत्येक वेळी चाचणी संपून पान सुरू होण्याच्या जागी सांधा निखळत होता. जेवणाच्या सुट्टीत मशीन रिकामं असतं म्हणून कोणीतरी व्हायरस तपासणी त्याच वेळेला लावून ठेवली होती. डिस्क आणि प्रोसेसर त्यात गुंतले की मोडेमला पुढची आज्ञा उशिरा मिळायची आणि पलीकडचं यंत्र वाट पाहून फोन ठेवायचं. तपासणी रात्री नेली, प्रश्न मिटला. स्वस्त यूएसबी मोडेममध्ये तर आवाज काढायचं गणितही संगणकाच्याच गळ्यात असतं, त्यामुळे त्यांना ही अडचण अधिक जाणवते. तुमच्या संगणकावर हे एकदा पाहून घ्या, पण तुमचं मुख्य दुखणं मला वेगळं दिसतं.

तांब्याच्या तारेवर तुमचा आवाज एक्स्चेंजपर्यंत अखंड लहर म्हणून जायचा. फायबरच्या डब्यात तो सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो आणि बहुधा २० मिलिसेकंदांच्या पाकिटांत भरून इंटरनेटच्या पद्धतीने पाठवला जातो. बोलताना असं एखादं पाकीट हरवलं तर कानाला पत्ता लागत नाही, डबा मागच्या आवाजावरून ती फट बुजवतो. फॅक्समध्ये ९६०० च्या वेगाला त्या २० मिलिसेकंदांत १९२ बिट असतात, आणि बुजवलेल्या फटीत त्यांच्या जागी काहीबाही येतं. त्यातून कंपनीने जागा वाचवायला जी.७२९ सारखं आवाज आवळणारं तंत्र वापरलं असेल तर पानाचा वेगवान आवाज नीट पोचायचाच नाही, कारण ते तंत्र माणसाच्या बोलण्याच्या घडणीवर बेतलेलं आहे आणि मोडेमचा आवाज तसा नसतो. पण तुमचा दोन पानांचा फॅक्स जातो. म्हणजे आवाज बहुधा न आवळता, जी.७११ नेच जातो आहे.

मग चौथ्या पानाला काय होतं? माझा संशय घड्याळांवर आहे. तुमच्या डब्यातलं घड्याळ आवाज मोजतं आणि पलीकडच्या डब्यातलं घड्याळ त्या मोजणीवरून पुन्हा आवाज काढतं. दोन्ही ८००० म्हणत असली तरी तंतोतंत सारखी नसतात. समजा दहा लाखात पन्नासाचा फरक आहे. ऐकायला काहीच नाही, पण ४०० सेकंदांत तो २० मिलिसेकंद भरतो, म्हणजे बरोबर एक पाकीट. तेवढ्यात पलीकडच्या डब्याने हाताशी राखलेला पाकिटांचा साठा रिकामा होतो किंवा भरून वाहतो, आणि एक पाकीट टाकलं जातं किंवा जास्तीचं घुसवलं जातं. दोन पानांचा फॅक्स त्या क्षणाच्या आधीच संपतो. दहा पानांच्या फॅक्सला तो क्षण गाठतोच.

तारेवरून चित्र पाठवण्याचं पहिलं पेटंट १८४३ मध्ये घेणारा अलेक्झांडर बेन हा स्कॉटिश घड्याळजी होता. त्याच्या कल्पनेत दोन टोकांना दोन लंबक होते आणि सगळी मदार त्यांनी एका तालात हलण्यावर होती. जोव्हान्नी कासेल्ली यांनी १८६५ मध्ये पॅरिस आणि लियोन यांच्यात सार्वजनिक सेवा चालवली, तीही लंबकांवरच. तुमचा फॅक्स जिथे तुटतो आहे ती जागा त्या दोन लंबकांइतकी जुनी आहे, हे मला फार विलक्षण वाटतं.

यावरचा खरा उपाय टी.३८, १९९८ चा. यात तुमच्या बाजूचा डबा फॅक्सचा आवाज ओळखतो, त्यातून बिट स्वतः काढतो आणि आवाजाऐवजी ते बिटच पाकिटांत घालून पाठवतो. मागच्या पाकिटांची नक्कल पुढच्या पाकिटात जोडता येते, त्यामुळे एखादं हरवलं तरी भागतं. पलीकडचा डबा त्या बिटांचा पुन्हा ताजा आवाज बनवतो. घड्याळांचा फरक आवाजावर चढत नाही. अट एकच: वाटेतल्या दोन्ही टोकांच्या डब्यांना टी.३८ आलं पाहिजे आणि ते चालू ठेवलेलं पाहिजे. म्हणून फोन कंपनीला ‘फॅक्स जात नाही’ एवढंच सांगू नका, कारण त्यावर लाइन तपासणारा माणूस येईल आणि ‘डायल टोन आहे’ म्हणून जाईल. ‘माझ्या नंबरावर टी.३८ चालू आहे का, नसेल तर चालू करा. तोवर जी.७११ कायम ठेवा आणि शांतता असताना पाकिटं थांबवण्याची सोय बंद करा,’ असं लेखी विचारा.

तोपर्यंत तुमच्या हातात जे आहे ते असं. मोडेमचा सर्वांत जास्त वेग ९६०० वर बांधा, त्याने नाही भागलं तर ७२०० वर. पान थोडं रेंगाळेल, पण कमी वेगाचा आवाज धक्का जास्त सोसतो. ३३६०० चा ‘सुपर जी३’ बंदच करा. इंटरनेटच्या वाटेवर तो फार नाजूक ठरतो आणि बरेच डबे त्याला टी.३८ मध्ये नेऊ शकत नाहीत. कॉल वेटिंग बंद करा, मधला ‘टुक’ पानाची वाट लावतो. आणि फॅक्स तीन-तीन पानांच्या तुकड्यांत पाठवा. हे कमीपणाचं वाटेल, पण प्रत्येक कॉलला पाकिटांचा साठा नव्याने सुरू होतो, त्यामुळे घड्याळांमधला फरक साठायला वेळच मिळत नाही.

चूक-दुरुस्तीची सोय, म्हणजे ईसीएम, ठेवावी की नाही यावर आमच्या धंद्यात मतभेद आहेत. ती चालू असताना पान २५६ बाइटच्या चौकटींत जातं, बिघडलेल्या चौकटी समोरचा परत मागतो, आणि लाइन फारच वाईट असेल तर मागण्या संपतच नाहीत व कॉल मरतो. ती बंद केली तर फॅक्स पूर्ण ‘जातो’, फक्त काही रेघा चिरफाळलेल्या किंवा गाळलेल्या असतात. पुष्कळ जण बंद करून मोकळे होतात. मी ते करणार नाही आणि तुम्हीही करू नका. तुमच्या कागदावर वजनं आहेत, लॉट नंबर आहेत, रक्कम आहे. ३ आणि ८ मधला फरक दोन-चार रेघांचाच असतो. असा कागद चुकीचा वाचला जाण्यापेक्षा गेलाच नाही तर बरं.

एजंटाला ईमेल घ्यायला सांगा, असा सल्ला तुम्हाला शंभर जणांनी दिला असेल. विचारून जरूर पाहा, पण जपानमध्ये हा साधा हट्ट नाही. २०२० मध्ये तिथली रुग्णालयं कोव्हिडच्या रुग्णांची माहिती हाताने भरलेल्या फॉर्मवर फॅक्सने कळवत होती, आणि पुढच्या वर्षी मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कचेऱ्यांतून फॅक्स काढायचं ठरवलं तेव्हा कचेऱ्यांमधूनच विरोध झाला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेलाही २०१९ मध्ये नवीन फॅक्स यंत्रांच्या खरेदीवर बंदी घालावी लागली. ज्यांच्याशी धंदा करायचा त्यांची पद्धत सांभाळावी लागते, त्यामुळे लाइन नीट करून घेणं हेच तुमच्यासाठी व्यवहाराचं आहे.

एक काम आजच करा. सलग पाच मोठे फॅक्स पाठवून पाहा आणि प्रत्येक वेळी समोरची शिट्टी संपल्यापासून तुटेपर्यंत किती सेकंद गेले ते लिहून ठेवा. आकडे एकमेकांच्या जवळ आले, समजा सगळे सहा-सात मिनिटांच्या आसपास, तर दोष घड्याळांचा. एकदा चाळीस सेकंद, एकदा नऊ मिनिटं असे विखुरलेले निघाले तर पाकिटं हरवत आहेत आणि मग आधी फायबरचा डबा आणि त्याला जोडलेलं वायफाय-राउटर बघावं लागेल. ते पाच आकडे आणि तुटलेल्या कॉलच्या नोंदीतल्या शेवटच्या वीस ओळी पाठवा, पुढचं त्यावरून सांगते.